लिंबाची गोळी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: नव्या गावातलं घर, न उघडलेली खोकी आणि टेबलापाशी मायलेकी. नोकरी गेल्यावर आई पर्सनल कोच, म्हणजे लोकांना आपल्या अडचणीतून आपणच वाट शोधायला मदत करणारी, व्हायला शिकत होती. कोचनं सल्ला द्यायचा नसतो. विचारायचं आणि ऐकायचं. पहिल्या परीक्षेत आई सल्ले देऊनच नापास झाली होती. म्हणून सल्ला जिभेवर आला की ती लिंबाची गोळी तोंडात टाकायची. आज सरावाला लेकच होती. “शाळेत कसं चाललंय?” “मधल्या सुट्टीत मी एकटीच असते.” आईनं घाईनं गोळी तोंडात टाकली. “सांग ना, काय करू?” गोळी या गालातून त्या गालात गेली. लेकीला हसू आलं. मग ती म्हणाली, “खिडकीजवळची मुलगीसुद्धा एकटीच असते.” तिनं बरणीतल्या दोन गोळ्या दप्तरात ठेवल्या. “एक तिला. दुसरी मला, ती बोलायला लागली की.”