तपासणीचं कारण

"पुन्हा तिचंच डोकं दुखतंय!" थोरलीने फोन आदळला. "बढती मिळाली म्हणून सांगायला गेले, तर आई म्हणते, ‘ते राहू दे, तू आधी इस्पितळात ये.’"

"बहीण का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"दुसरं कोण!"

धाकटीच्या मेंदूत साचणारं पाणी पोटात उतरवायला डॉक्टरांनी लहानपणीच एक बारीक नळी बसवली होती. तेव्हापासून सगळं घर त्या नळीभोवती फिरत आलं होतं. खिडकीजवळचा पलंग धाकटीला, आईची कूस धाकटीला. थोरलीच्या वाट्याला नुसतं, "तू शहाणी ना गं!" शहाण्या मुलीला कोणी जवळ घेत नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं. नोकरी लागताच तिने वेगळं बिऱ्हाड केलं.

आणि नोकरी तरी कसली? विम्याच्या बिलांसाठी प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड लावण्याची! आताशा त्या नळीची नवी तपासणी निघाली होती. मानेवरच्या कातडीला पट्टी चिकटवायची की आत पाणी वाहतंय की नाही ते बाहेरूनच कळायचं. ना चीर, ना टाका. ही शस्त्रक्रिया नव्हे, हे विमावाल्यांना पटवताना थोरलीच्या नाकी नऊ यायचे. बहिणीची फाइल मात्र नियमाप्रमाणे शेजारच्या बाईंकडे असायची.

"निघतच आहात तर एक विचारून या," त्या बाई म्हणाल्या. "पट्टी सारखी लावतात आणि दर वेळी नळी ठणठणीत. विमावाले तपासणीचं कारण मागतायत. नुसती डोकेदुखी त्यांना पुरत नाही."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. वाटेत तर तिला चक्क आनंद व्हायला लागला. इतक्या वर्षांनी चोर सापडत होता.

ती पोचली तेव्हा धाकटीच्या मानेवर पट्टी लागलेली होती. आई उशाशी बसली होती.

"किती वाळलीस गं!" आई उठत म्हणाली. थोरलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे धाकटीवर होते.

"पाणी छान वाहतंय. काळजीचं काही नाही," तंत्रज्ञ म्हणाला आणि पट्टी काढून यंत्र घेऊन गेला.

"आता आलीच आहेस तर घरी चल. दोन दिवस राहा," आई म्हणाली. जराशाने आई चहा आणायला बाहेर गेली.

थोरलीने दार लोटलं. "आता खरं सांग. कुठे दुखतं?"

धाकटी उठून बसली. मानेवरचा चिकटा तिने बोटाने पुसला. "कुठेच नाही."

"म्हणजे सगळं ढोंग! लाज नाही वाटत? लहानपणापासून आईला पळवलंस, अजून पोट भरलं नाही तुझं? थांब, येऊ दे तिला. तिच्यासमोरच विचारते."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ती जळती नजर थोरलीच्या चांगली ओळखीची होती. फक्त आजवर ती तिने दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

"विचार की," धाकटी म्हणाली. "तुझी आठवण अगदीच अनावर झाली, की तीच मला म्हणते, ‘डोकं दुखतंय म्हण, म्हणजे ताई येईल.’"