इंदूर ते थेरगाव

धुळ्याच्या अलीकडे ज्योतीरामने एका कारवाल्याच्या नाकावर हेल्मेट हाणलं. कारवाल्याने कट मारला होता, एवढंच. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं, बायको आतून किंचाळली आणि रणजीतने ज्योतीरामला कमरेला धरून मागे ओढलं.

"दादा, बास! राग इथंच संपवू नका. थेरगावला लागंल."

"थेरगावसाठी लई हाय," ज्योतीराम म्हणाला आणि त्याने गाडीवर टांग टाकली.

दोघे आपापल्या मोटारसायकलींवर पहाटे चारला इंदूरहून निघाले होते. थेरगाव ते लेह आणि परत, अठरा दिवसांची ही सफर आज संपायची होती. खरं तर ती जयदीपची. ज्योतीरामच्या या धाकट्या भावाने गेल्या वर्षी सगळा रस्ता आखला, रजा मंजूर करून घेतली, गाडीची सर्व्हिसिंग केली आणि निघाल्या दिवशी सकाळीच, मोशीच्या पुढे, पुढचं चाक निखळून तो ट्रकखाली गेला. साधे वीस किलोमीटरही झाले नव्हते.

आदल्या संध्याकाळी ते चाक खोललं होतं थेरगावच्याच डांगे चौकाजवळच्या पिंटू मेकॅनिकने. नट आवळायचा राहिला, असं सगळे म्हणाले. पिंटू जामिनावर सुटला आणि गावाला पळाला. त्याने गॅरेज परत उघडल्याची बातमी रणजीतनेच परवा जयपूरच्या लॉजवर सांगितली. तेव्हापासून ज्योतीरामच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कोर्टकचेरीत त्याला रस नव्हता. त्याला पिंटूचे हात मोडायचे होते, ज्या हातांनी नट आवळला नाही ते.

रणजीत मूळचा परभणीचा. चाकणच्या कंपनीत जयदीप आणि तो शेजारी शेजारी उभे राहून गाड्या जोडायचे, दोघेही कंत्राटी. पर्मनंटची एकच जागा निघाली, ती जयदीपला मिळाली आणि पेढे वाटले रणजीतने. जयदीप गेल्यावर ती जागा रणजीतला मिळावी म्हणून ज्योतीरामने स्वतः युनियनवाल्यांचे उंबरे झिजवले. एक भाऊ गेला, पण दुसरा मिळाला, असं तो चारचौघांत सांगे. त्याला ते मनापासून वाटायचं.

संगमनेरला जेवायला थांबले तेव्हा तीन वाजत आले होते. ज्योतीराम बाजेवर टेकला, पण रणजीत कसला बसतोय! त्याने दोन्ही गाड्या तपासल्या. ज्योतीरामच्या गाडीची चेन सैल होती, ती ताणली, मागच्या चाकाचा नट आवळला आणि खिशातून हिरवा मार्कर काढून त्यावर रेघ ओढली.

"सुट्टीवर आलायस का ड्युटीवर?"

"हाताला वळण लागलंय, दादा."

कंपनीतली रीतच ती. नट आवळला की नटावरून बोल्टवर एक रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. रणजीतची रेघ बोल्टवर येऊन जराशी वळायची, मिरचीच्या देठासारखी. जयदीप त्यावरून त्याची टर उडवायचा. पण गाडीच्या नटापाशी तो देठ दिसला, की जयदीप तो नट पुन्हा तपासायचा नाही.

"त्या दिवशी तू असतास तर," ज्योतीराम भाकरी मोडता मोडता म्हणाला.

"मी गावाकडं होतो ना, दादा. चार दिवस आधीच गेलतो. नाही तर मीच बघितली असती गाडी." रणजीत ताटाकडे बघत राहिला. "एक सांगू? पिंटूला बोलू देऊ नका. तो रडंल, शपथा खाईल, तुमचा हात थांबंल. पहिला घाव तोंडावर."

"तू हायस म्हणून बरं हाय रं."

नारायणगाव गेलं, खेड गेलं. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे कंटेनर अडकले होते. एका ड्रायव्हरने शिवी दिली, तर ज्योतीरामने पिशवीतला मोठा पान्हा काढून त्याचा आरसा फोडला. मोशीच्या अलीकडे ती जागा आली. ज्योतीरामने तिकडे बघितलंच नाही. रणजीतने गाडी हळू करून हात जोडले.

डांगे चौकात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. पिंटू एकटाच होता, स्कूटरपुढे उकिडवा बसलेला. दोघे आत शिरले आणि रणजीतने शटर खाली ओढलं.

पिंटूने वर बघायला आणि पान्हा तोंडावर बसायला एकच गाठ पडली. दात फरशीवर घरंगळले. ज्योतीरामने त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि बोटांवर घाव घातले. एक, दोन, तीन. एक वर्ष तो याच आवाजाची वाट बघत होता. तो हुंदके देत होता आणि मारत होता.

"डोक्यात घाला, दादा," रणजीत मागून म्हणाला. "उरकून टाका."

पिंटूने डाव्या हाताने खिशातून मोबाइल ओढला आणि अंगठ्याने काहीतरी उघडलं. रणजीतने लाथ मारली, "पोलिसांना लावतोय!" मोबाइल घसरत ज्योतीरामच्या पायाशी आला. स्क्रीनवर जयदीपच्या गाडीच्या निखळलेल्या चाकाचा फोटो होता.

"अण्णा," पिंटूच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले. "आदल्या सांजंला एक्सल नवा टाकला व्हता म्या. कोरा. पंचनाम्याला पोलिसांनी काढल्याला फोटू हाय ह्यो. रेघ… माझी न्हाई."

ज्योतीराम धापा टाकत थांबला. पान्हा त्याने बाजूला ठेवला, तो रणजीतने लगेच उचलला. ज्योतीरामने मनगटाने डोळे पुसले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. एक्सलचा लांब बोल्ट अजून चाकात होता, नवा, चकचकीत. नट निघून गेला होता. उघड्या टोकावर अर्धीच हिरवी रेघ उरली होती, शेवटी मिरचीच्या देठासारखी वळलेली.