खरवसासारखं दूध

म्हशीचं दूध आजही तापवताच खरवसासारखं घट्ट झालं होतं. म्हैस मात्र उठत नव्हती. तिच्या फासळ्या वर आल्या होत्या आणि कास टम्म भरली होती.

"दूध वाढवायचे ते नवे थेंब हिला कधीपासून देताय?" गुरांचे डॉक्टर मुजावर यांनी विचारलं.

"व्याल्यापासनं," बाळाला पदराखाली पाजत शेवंता म्हणाली. "पेंड तर भरपूर खाती की."

"पेंडीतली अमिनो आम्लं पोचली की कास दुधातली प्रथिनं बनवते. या थेंबांनी कासेला वाटतं, आम्लं सारखी पोचतायत. मग पेंड पुरेना झाली, की ती जनावराच्या अंगातलं मांस ओढते."

"थेंब बंद केले तर?"

"आता उपयोग नाही. आधी पुठ्ठे जातात, मग पाय. शेवटी हृदय. तेही मांसच."

शेवंताने बाळाला दुसऱ्या कुशीत घेतलं. तिच्या मनगटावरून हिरवी बांगडी घसरली आणि फरशीवर फुटली. डोहाळजेवणाला ती चढवताना कासाराने साबण लावला होता.

"डॉक्टर, दवाखान्यात बाळंतिणीला देतात, ते थेंब वेगळे असतात ना?"

मुजावर तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

शेवंताने बाळाला छातीपासून ओढून काढलं. ते रडू लागलं, आणि त्या आवाजासरशी तिला पुन्हा पान्हा फुटला.