उजवा पाय

अमडापूरच्या हिंमतरावांची उजवी पोटरी थोडं चाललं की आखडायची आणि थांबलं की मोकळी व्हायची. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पुढे अंगठा काळा पडला, तेव्हा बायकोनं, सत्यभामाबाईंनी, त्यांना बैलांच्या दमणीत घालून चिखलीच्या डॉक्टरकडे नेलं.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. चिलीम आजच सोडायला लावा. नाहीतर पाय जाईल, आणि उद्या काळजालाही धोका आहे."

दमणीत हिंमतरावांनी विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

"मलम लावा म्हने."

"अन् चिलीम?"

"तिचं काई बोलले नाही."

त्या दिवसापासून सत्यभामाबाई स्वतःच्या हातानं चिलीम भरून देऊ लागल्या. गावातल्या बाया त्यांच्या सेवेचं कौतुक करायच्या.

उन्हाळा सरता सरता हिंमतरावांना खामगावहून आगगाडीनं नागपूरला न्यावं लागलं. तिथं पाय गुडघ्यापासून कापला. ते शुद्धीवर आल्यावर तिथल्या डॉक्टरनं त्यांना चिलमीचं सगळं समजावून सांगितलं.

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. "चिखलीच्या डाक्टरानं हे सांगतलं नव्हतं?"

"सांगतलं होतं."

"मंग तू मले काऊन नाही सांगतलं?"

सत्यभामाबाईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"तुमच्या लाथेनं माही लेक पोटातच मेली, तवा म्या तरी कोनाले सांगतलं? विहिरीवर पाय घसरला, म्हनलं."