कोवळी पानं

जाळायला दिवस चांगला होता. वारा मंद, गवत वाळून खडखडीत. आयोवात एप्रिलचा असा दिवस क्वचितच हाती लागतो. कॅरिनने डिझेलची मशाल पेटवली आणि शेताच्या कडेने चालत आगीची रेघ ओढली. मागून तिचे वडील, ऑर्विल, पाठीवर पाण्याचा पंप घेऊन ठिणग्या विझवत येत होते.

सरकारी करारात पडीक सोडलेलं हे शेत आईने रानफुलांनी भरून टाकलं होतं. अधूनमधून ते जाळायचं, म्हणजे जूनमध्ये फुलं दुपटीने येतात. आई गेल्यानंतरचं हे पहिलंच जाळणं.

"पोरी, भुवया सांभाळ!" पाण्याची टाकी घेऊन उभे असलेले शेजारचे व्हर्नकाका ओरडले. "मला तर घरी साधा पाचोळा पेटवू देत नाहीत."

"गोठा पेटवलात तेव्हापासून ना?"

ऑर्विलसुद्धा हसले. दुपारी ट्रकच्या फळीवर बसून तिघांनी हॅम सँडविच खाल्लं.

"आईसारखीच सरळ रेघ ओढतेस," ऑर्विल म्हणाले.

मे महिन्यात ती पुन्हा आली, तेव्हा राखेतून वीतभर हिरवं वर आलं होतं. त्यावरून फवारणीचं यंत्र लांब हात पसरून चाललं होतं. चालवत होते व्हर्नकाका. ऑर्विल कुंपणाशी उभे होते.

"बाबा, हे काय?"

"करार संपला. व्हर्न मका लावतोय. मी शेत खंडाने दिलंय त्याला."

"मग जाळलं कशाला?"

ते बुटाने माती उकरत राहिले. "वाळल्या गवतावर तणनाशक लागू पडत नाही. कोवळी पानं लागतात."

"आणि ते माझ्या हातून करवलंत?"

"तूच येते म्हणालीस. एवढी खुशीत होतीस. कसं सांगणार होतो?"

यंत्र बांधाशी येऊन वळलं. व्हर्नकाकांनी इकडे पाहिलं नाही. ओल्या पानांवरून औषधाचा उग्र वास आला.

"दवाखान्यात, शेवटच्या दिवशी," कॅरिन म्हणाली, "तुम्ही कॉफी आणायला खाली गेला होतात. आईने विचारलं, ऑर्विल शेत राखेल ना?"

ऑर्विलनी मान वर केली.

"तुमच्या वतीने मी हो म्हटलं."