तक्त्यातले तिघे

“तीन म्हणजे तीनच असतील असं नाही,” आकडेखात्यातला माणूस फोनवर म्हणाला. “लहान आकडे आम्ही मुद्दाम थोडे हलवतो, कुणी ओळखू येऊ नये म्हणून. एकही नसेल कदाचित. तक्त्याखाली तळटीप आहे बघा.”

तळटीप होती. रोवेनाने ती अकरा महिन्यांनी पहिल्यांदा वाचली आणि फोन ठेवला.

ऑस्ट्रेलियातल्या कुराबिन गावच्या वाचनालयात पगारी माणूस ती एकटीच. गावात कोण राहतं, काय कमावतं, घरी काय बोलतं, याचा अहवाल मुख्य वाचनालयाने मागितला, तेव्हा तिने जनगणनेचा तक्ता ओळ न ओळ चाळला. वस्ती अकराशे बेचाळीस. घरी एस्टोनियन बोलणारे: तीन. या तिघांसाठी तिने भांडून चाळीस पुस्तकं आणि एक छोटं कपाट मिळवलं. अट एकच होती. वर्षाच्या आत एक तरी पुस्तक कुणाच्या तरी कार्डावर गेलं पाहिजे. नाही गेलं, तर कपाट दुसऱ्या गावाला.

एकही गेलं नाही. तिने पोस्टमनला विचारलं, बेकरीत विचारलं, शनिवारच्या फुटबॉलला सॉसेज भाजणाऱ्यांना विचारलं. पोस्टमन म्हणाला, परका म्हणावा असा गावात एकच आहे, आणि तो सिडनीचा आहे.

सगळ्यांत जास्त हसली ती एल्सी पेंडल. वय ब्याऐंशी. नवरा रॉन गेल्यापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी फुकट कामाला यायची. मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं सांधायची, पाठीवर स्टिकर लावायची: प्रेमकथेला बदाम, खुनाच्या गोष्टीला सुरी, विनोदाला हसरं तोंड. हात संथ. त्या चाळीस पुस्तकांना चाळीस स्टिकर लावायला तिने जवळजवळ वर्ष घेतलं. फुकटच्या माणसाला घाई कशी करणार? एल्सी मात्र आल्या आल्या विचारायची, “तुझे तिघं आले का गं?”

आज वर्ष संपत होतं. मुख्य वाचनालयाची गाडी चारला येणार होती. दोन वाजता रोवेनाने खोकी उघडली आणि पुस्तकं भरायला घेतली.

तिसऱ्याच पुस्तकापाशी ती थांबली. मुखपृष्ठावर हातात फुलं घेतलेली नवरी, आणि पाठीवर सुरी. त्याखालच्या पुस्तकावर नुसतं जहाज, आणि पाठीवर बदाम. हे असं पुढच्या गावाला गेलं असतं तर तिथल्या बाईने तिलाच नावं ठेवली असती. तिने मोबाइल काढला आणि मागच्या पानावरचा मजकूर इंग्रजीत करून घेतला. नवरीने लग्नाच्या जेवणात सासऱ्याला विष घातलं होतं. जहाजाचा कप्तान बंदरातल्या विधवेवर जीव जडवून बसला होता.

तिने आणखी पाच तपासली. पाचही बरोबर. मग एक काळं, जाड पुस्तक हाती आलं. पुढे चित्र नाही, मागे मजकूर नाही. पाठीवर हसरं तोंड.

एल्सीकडे मोबाइल नव्हता.

रोवेना ते पुस्तक घेऊन मागच्या खोलीत गेली. “एल्सी, हे विनोदी आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

एल्सीने हातातला डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

“बत्तिसाव्या पानावर पाद्री विहिरीत पडतो,” ती म्हणाली. “वर काढायला येतात, तर हा आत बसून भाव करतो. मला दोनदा चष्मा पुसावा लागला.”

मग तिने थोडक्यात सांगितलं. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर बोटीने आली. पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बजावलं, इथे एकच भाषा. आई वारली, मग बोलायला कुणी उरलं नाही. रॉनला ती डॅनिश वाटायची. तिने वाटू दिलं. पुस्तक कार्डावर नेलं असतं तर सोमवारपर्यंत बेकरीत बातमी पोचली असती. म्हणून ती इथेच बसून वाचत होती, एकेक स्टिकर लावायच्या आधी.

“म्हणजे त्या तिघांत तुम्ही होतात,” रोवेना म्हणाली. “एक तरी खरा होता.”

“छे. मी इंग्रजीच लिहिलं.”

“खोटं लिहिलंत?”

“खोटं कशाला लिहू? घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न होता. घरी मी आणि मांजर. मांजर इथलंच आहे.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पंधरा मिनिटं आधीच आली होती. रोवेना वळली, खोक्यांकडे गेली आणि ते काळं पुस्तकही पहिल्या खोक्यात ठेवलं. एल्सीकडे कार्ड मागायचा शब्द तिच्या तोंडात आला होता, पण तिने तो गिळला. सत्तर वर्षं जपलेली गोष्ट एका कपाटासाठी मागायची कशी?

ड्रायव्हर आत आला. त्याच्या मागोमाग बेकरीवाली आली, शनिवारच्या फुटबॉलच्या वर्गणीची पेटी मागायला. ड्रायव्हरने पहिलं खोकं उचललं.

“ते ठेव खाली,” एल्सी म्हणाली. ती काउंटरपर्यंत चालत आली होती. खोक्यातून तिने नवरी, जहाज आणि पाद्री अशी तीन पुस्तकं काढली, त्यांवर आपलं कार्ड ठेवलं आणि ती चळत बेकरीवालीच्या देखत रोवेनाकडे सरकवली.

“पण तुम्ही तर सगळी वाचलीत,” रोवेना हळूच म्हणाली.

“मी वाचली,” एल्सी म्हणाली. “तुझ्या तिघांची राहिलीत ना.”