अंगाची ऊब

मोरबा दाभोळेंनी फ्रीज उघडला आणि इडलीच्या पिठामागून बायकोचं लुगडं काढलं.

इचलकरंजीत आता कुणी कपडे धूत नव्हतं. कापडात मुरवलेलं एन्झाइम मळ, घाम, वास सगळं खाऊन टाकायचं. ते मुरवायच्या हौदावर मोरबाच कामाला होते. पहिल्या खेपेचं लुगडं त्यांनी मोठ्या दिमाखात बायकोला, राधाक्काला, आणून दिलं होतं.

"माझ्या मिश्रीचा वासही खाईल का हे?" तिने विचारलं होतं.

"तोच आधी खाईल," ते म्हणाले होते. त्या वासावरून ते तिला जन्मभर टोचून बोलले.

महिन्यापूर्वी ती गेली, त्या सकाळी तिने मिश्रीची बोटं दांडीवरच्या त्या लुगड्याच्या पदराला पुसली होती. मोरबांनी ते लुगडं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं. थंडीत एन्झाइम झोपतं, अंगाची ऊब लागली की जागं होतं. म्हणून ते रोज फ्रीजच्या दारातूनच वास घेत.

आज मात्र तेवढ्यानं भागेना. घटकाभरच, म्हणत त्यांनी लुगडं छातीशी धरलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?" पुण्याहून वैजू विचारत होती.

पंधरा दिवसांनी तिचा आवाज ऐकला होता. ती बोलत राहिली, त्यांना फोन ठेववेना.

मग त्यांनी पदर नाकाशी नेला. तो कोऱ्या कापडासारखा स्वच्छ होता.

त्यांनी लुगड्याची नीट घडी घातली आणि ते पुन्हा पिठामागे ठेवलं.